न दुखणारा चट्टा
काही दुखले तर कामगार दवाखाना गाठतो. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा दुखत नाही, खाजतही नाही. म्हणूनच तो घातकी. फिकट वा लालसर डागावर, रोग्याला डोळे मिटायला लावून, कापसाचे टोक फिरवावे. स्पर्श कळला नाही, तर निदान तिथेच होते. (कोड निराळे, तिथे स्पर्श कळतो.) कोपरामागचा मज्जातंतू जाड झाला की करंगळी बधिर होते, भाजलेलेही समजत नाही. त्वचेच्या रसात जंतू दिसले, तर प्रश्नच मिटला. हा जंतू हानसेनने १८७३ सालीच पाहिला. आपण मात्र पूर्वजन्मीचे पाप हुडकतो! औषधे सहा किंवा बारा महिन्यांची, सरकारी दवाखान्यात फुकट. तरी काम जाईल या धास्तीने माणसे बाहीखाली चट्टा झाकतात, आणि तोवर बोटे वाकू लागतात.