काठी ढकलते, कापड ओढतं

दोन बांबू, सुती दोरी, आजीची जुनी नऊवारी आणि मूठभर मेखा. यातली एकही वस्तू एकटी उभी राहत नाही. बांबू सोडला की आडवा होतो, दोरी लुळी पडते, साडीचा तर ढीगच. पण मुलांनी अंगणात या वस्तू एकमेकींना बांधल्या की त्यांचं घर होतं. हे होतं तरी कसं?

आपलं राहतं घर दाबावर उभं असतं. वरची वीट खालच्या विटेवर भार टाकते. तंबूत दाब सोसतो तो फक्त बांबू, बाकी सगळा खेळ ओढण्याचा. दोरीला ढकलून पाहा, ती नुसती वाकेल. तिला फक्त ओढता येतं. कापडाचंही तसंच. बांबूच्या टोकापासून बाहेरच्या मेखेला बांधलेली दोरी, म्हणजे तणावा, बांबूला एकीकडे ओढतो, दोन बांबूंमधली आडवी दोरी दुसरीकडे, आणि या ओढाताणीत बांबू जमिनीवर घट्ट दाबला जाऊन ताठ राहतो. मुलांना एक तणावा सोडायला सांगा. सगळं घर कोसळेल, आणि कोण कोणाला धरून होतं ते त्यांना लगेच कळेल.

बांबू जेवढा उंच, साधारण तेवढ्याच अंतरावर तणाव्याची मेख ठोकावी. तिचं डोकं तंबूपासून दूर कललेलं हवं. सरळ उभी ठोकली तर ती लवकर उपटते.

आडवी दोरी मुलं हमखास अगदी सरळ ओढायला बघतात. इथे मला सर्वांत जास्त नवल वाटतं. बांबूंमध्ये ४ मीटर अंतर आहे, दोरीच्या मध्यावर १ किलो वजन टांगलंय आणि ती तिथे १० सेंटीमीटर झुकलीय असं समजा. दोरीतला ताण भरतो जवळपास १० किलोचा! झोळ ५ सेंटीमीटरवर आणला तर ताण २० किलोंवर जातो. झोळ शून्य करायचा तर ताण अनंत लागेल. म्हणून कपडे वाळत घातलेली दोरी जगात कुठेही पूर्ण सरळ नसते.

आता साडीवरच्या सुरकुत्या बघा. ताण ज्या दिशेने धावतो, त्याच दिशेने त्या पडतात. मुलांना त्यांवरून बोट फिरवू द्या. डोळ्यांना न दिसणारं बल बोटाखाली येतं.

जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ओटो साबणाच्या पाण्याच्या पडद्यांवर प्रयोग करायचे. असा पडदा सगळीकडे सारख्या ताणात राहतो आणि आपसूक कमीत कमी क्षेत्रफळाचा आकार घेतो. १९७२च्या ऑलिंपिकसाठी म्युनिकला पोलादी तारांच्या जाळ्यांवर तोललेली जी प्रचंड छतं उभी राहिली, त्यांच्यामागे ओटोंचा हाच अभ्यास होता. तारेची वेडीवाकडी चौकट साबणाच्या पाण्यात बुडवली, तर घरची मुलंही तसे आकार पाहू शकतात.

रात्री तंबूत झोपणार असाल तर दिवा-मेणबत्ती आत नको, टॉर्च घ्या. आणि झोपण्याआधी तणावे थोडे सैल करा. दवाने सुती दोरीचे धागे फुगतात, जाड होतात, आणि दोरी आखडून मेखा उपटू शकते.