पेन, जर्नल आणि जिवाणू

२०१० च्या ऑगस्टपासून पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत अमेरिकेतल्या ३८ राज्यांत १०९ जणांना साल्मोनेलाच्या एकाच वाणाची लागण झाली. ताप, पोटात मुरडा, जुलाब अशी लक्षणं होती. त्यातला एक रुग्ण दगावला. साल्मोनेला म्हटलं की संशय आधी अंडी-चिकनवर जातो. सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेच्या तपासात मात्र धागा जाऊन पोचला तो सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांपर्यंत. तिथे वापरासाठी विकत मिळणाऱ्या जिवाणूशी रुग्णांमधला वाण जुळत होता. आजारी पडलेल्यांत विद्यार्थी होते, कर्मचारी होते आणि प्रयोगशाळेची पायरीही न चढलेली त्यांच्या घरची लहान मुलंही होती.

२०१४ मध्ये तेच पुन्हा घडलं, ४१ जणांच्या बाबतीत. २०१७ मध्ये आणखी २४ जणांना लागण झाली. २०१४ च्या तपासात काही रुग्णांनी प्रयोगशाळेतल्या आपल्या सवयी सांगितल्या. ग्लोव्हज किंवा कोट घातला नव्हता, काम झाल्यावर हात धुतले नव्हते, आणि आत वापरलेलं पेन नि वही बाहेरही तशीच वापरली होती. स्फोट झाला नव्हता की कुठे काही सांडल्याचा गाजावाजा झाला नव्हता. जिवाणू दप्तरातून घरी पोचले होते.

ही वही आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळखीची आहे. अकरावी-बारावी असो की बीएस्सी, प्रॅक्टिकल म्हटलं की जर्नल आलंच. ज्या टेबलावर कल्चरच्या नळ्या ठेवलेल्या असतात, त्याच टेबलावर ते उघडं असतं. निरीक्षणं लिहिता लिहिता पेनाचं टोपण दातात जातं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावून स्लाइडचा फोटो काढला जातो, तोही बरेचदा हातातले ग्लोव्हज न काढता. मग जर्नल दप्तरात डब्याशेजारी जातं, घरी गादीवर पसरतं आणि सही घ्यायला पुन्हा कॉलेजात येतं. यावरचा उपाय स्वस्त आहे. प्रयोगशाळेची पेन्सिल प्रयोगशाळेतच राहावी, निरीक्षणं आधी कच्च्या कागदावर घ्यावीत, जर्नल आणि मोबाइल कामाच्या टेबलापासून लांब असावेत. अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायॉलॉजीने २०१२ मध्ये शिकवण्याच्या प्रयोगशाळांसाठी खास मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचा भरही अशाच रोजच्या शिस्तीवर आहे. बाहेर पडताना हात साबणाने धुवायचे, नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही. बॅसिलससारख्या जिवाणूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत.

रॉबर्ट पाइक या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने प्रयोगशाळांमध्ये झालेल्या संसर्गाच्या ३,९२१ नोंदी गोळा करून १९७६ मध्ये त्यांचा आढावा घेतला. सुई टोचली, काच फुटली, काही अंगावर सांडलं असं नेमकं कारण त्यातल्या २० टक्क्यांहूनही कमी नोंदींत सापडलं. बाकी प्रकरणांत मुख्य संशय हवेत उडणाऱ्या तुषारांवर आहे. हे तुषार उडतात कसे, ते तारेचा लूप वापरताना नीट कळतं. लाल होईपर्यंत तापवलेला लूप गार व्हायच्या आत कल्चरमध्ये बुडवला की फोडणीसारखा चर्र आवाज येतो आणि त्याबरोबर जिवाणूंनी भरलेले बारीक थेंब हवेत जातात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासाबरोबर आत ओढले जातात. म्हणून तापवलेला लूप काही सेकंद हवेत धरायचा किंवा अगरच्या रिकाम्या कडेला टेकवून गार करायचा. काम झाल्यावरही काळजी तीच. कल्चर चिकटलेलं टोक एकदम ज्योतीत घातलं तर ते तडतडून उडतं. आधी दांड्याजवळची तार तापवावी आणि मग ज्योत सावकाश टोकाकडे न्यावी.

पिपेट तोंडाने ओढण्याची सवय याहून जुनी. १८९३ मध्ये एका डॉक्टरच्या तोंडात पिपेटमधून टायफॉइडच्या जिवाणूंचं कल्चर गेलं. अशा संसर्गाची ही पहिली नोंद मानली जाते. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, रबरी बल्ब आले, पंप आले. तरीही ‘नुसतं पाणीच तर आहे’ म्हणून तोंड लावणारे विद्यार्थी दिसतात. पाण्यासाठी लागलेली सवय आम्लाच्या वेळी आपोआप सुटत नाही, म्हणून पाण्यालाही बल्बच लावायचा.

विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसणारा एक प्रकल्प म्हणजे मोबाइलवरचे, दाराच्या कडीवरचे किंवा नोटांवरचे जंतू अगरवर वाढवून दाखवणं. मुलांना त्यातून खूप शिकता येतं, पण या प्लेटवर काय उगवलंय हे कुणालाच माहीत नसतं. कडीवर मोजके असलेले जिवाणू दोन दिवसांत अगरवर कोट्यवधी होतात आणि त्यात एखादा रोगकारक असू शकतो. त्यामुळे अशी प्लेट चिकटपट्टी लावून बंद करायची आणि पुन्हा उघडायची नाही. निरीक्षण झाकणातूनच करायचं. इन्क्युबेटर ३७ अंशांवर ठेवण्याचं कारण नाही. ते माणसाच्या शरीराचं तापमान आहे आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू तिथे फोफावतात. शाळेच्या प्रकल्पाला २५ अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं. शेवटी सगळ्या प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना, १५ पौंड दाबाखाली निर्जंतुक करून मगच टाकायच्या. दाबाचा काटा शून्यावर येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

विद्यार्थ्यांच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत आगीचा धोकाही जंतूंइतकाच खरा आहे. पानातलं हरितद्रव्य काढून आयोडीनने स्टार्च तपासण्याचा प्रयोग शाळेपासून चालतो. त्यात पान अल्कोहोलमध्ये उकळायचं असतं. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, म्हणून ते गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवता येतं. पाणी तापल्यावर ज्योत विझवायची आणि त्यानंतरच अल्कोहोलची परीक्षानळी आणायची. पानातली रंगद्रव्यं कागदावर वेगळी करण्याच्या क्रोमॅटोग्राफीत पेट्रोलियम इथर आणि अॅसिटोन वापरतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टेबलावरून सरपटत जाते आणि दूरवर पेटलेल्या स्पिरिटच्या दिव्याकडून आग पकडते. त्या तासाला खोलीत एकही ज्योत नको.

प्लेटवर नमुना पसरवण्याचा काचेचा वाकडा रॉड अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवरून फिरवतात. घाईत पेटता रॉडच पुन्हा बीकरमध्ये जातो आणि बीकर पेट घेतो. अशा वेळी तो उचलून पळायचं नाही, फुंकरही मारायची नाही. वर वॉच ग्लास झाकली की आग विझते. पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतायचं नाही, आणि सॅनिटायझर चोळल्यावर हात पुरते वाळेपर्यंत ज्योतीजवळ जायचं नाही. अॅप्रन सुती हवा, कारण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. केस बांधलेले आणि ओढणी खोचलेली हवी.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतलं प्राण्यांचं विच्छेदन बंद करायला सांगितलं. फॉर्मॅलिनच्या बरण्या मात्र कपाटात आहेत. डोळ्यांतून पाणी काढणारा तो वास फॉर्मॅल्डिहाइडचा असतो, आणि माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत त्याचा समावेश आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये केला. नमुना बाहेर न काढता बरणीतूनच पाहावा, आणि बरणी उघडायचीच झाली तर खिडक्या उघड्या, पंखा चालू आणि हातात ग्लोव्हज असावेत. डोळ्यात काही उडालं तर नळाच्या सौम्य धारेखाली सलग पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि मग डॉक्टरकडे जायचं.

रक्तगट तपासण्याच्या तासाला वर्गात उत्साह असतो. त्या तासाचा नियम एकच: एका बोटाला एक लॅन्सेट, आणि वापरलेल्या लॅन्सेटला पुन्हा टोपण नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. मित्राने वापरलेली सुई स्पिरिटने पुसून घेतली म्हणून ती सुरक्षित होत नाही.

वापरलेला लॅन्सेट पुढे कुठे जातो, हे विद्यार्थ्यांना क्वचितच दिसतं. तास संपल्यावर मागे राहिलेल्या स्लाइड, फुटलेल्या कव्हर स्लिप, सुया आणि कल्चरच्या नळ्या परिचर आवरतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत शैक्षणिक संस्थाही येतात. या नियमांप्रमाणे सुया-पाती पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात आणि सूक्ष्मजीवांचा कचरा पिवळ्या पिशवीत जायला हवा. असा कचरा हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण देणं आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणं हीही संस्थेची जबाबदारी आहे. प्रत्येक कॉलेजच्या जीवशास्त्र विभागाने सत्र सुरू होण्याआधी आपल्या परिचरांच्या लसीकरणाची नोंद तपासावी, त्यांना जाड रबरी हातमोजे द्यावेत आणि पहिल्या प्रॅक्टिकलच्या सुरक्षा-सूचनांच्या तासाला त्यांनाही विद्यार्थ्यांबरोबर बसवावं.