व्यसनमुक्ती केंद्राच्या दाराआड

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी थांबवली, की दुसरी-तिसरी रात्र पहिल्या रात्रीपेक्षा धोक्याची असते. सुरुवात हात थरथरण्याने, घामाने आणि उडालेल्या झोपेने होते. मग काहींना फिट येते, काहींना भिंतीवर किडे दिसू लागतात. भ्रम, ताप आणि पळती नाडी एकत्र आली की डॉक्टर त्याला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. बेन्झोडायझेपाइन गटातले औषध वेळेवर द्यावे, थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व द्यावे, रात्री जागी राहणारी प्रशिक्षित नर्स ठेवावी आणि गरज पडताच रुग्णालयात हलवावे, एवढ्याने हा धोका बहुतांशी टळतो. म्हणून व्यसनमुक्ती केंद्राला शासनाने विचारायचा पहिला प्रश्न असा हवा, की इथे रात्री दोन वाजता कोण असते? पण असे केंद्र उघडते तेव्हा गावात आणि वॉर्डात बहुतेक वेळा वेगळाच प्रश्न गाजतो : हे आमच्याच वस्तीत कशाला? माझे म्हणणे असे, की स्थानिक स्वराज्य संस्थेला पहिला प्रश्न विचारण्याचे पूर्ण बळ द्यावे आणि दुसऱ्या प्रश्नावर केंद्र अडवण्याची मुभा तिला देऊ नये.

कायदा यातले अर्धे काम करतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था येतात. त्यामुळे अशा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे, सक्तीने मुंडण करायला बंदी आहे आणि बाहेर संपर्क साधण्याचा हक्क त्याला दिलेला आहे. हे नियम कोरड्या कल्पनेतून आलेले नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांत जखडलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. बंद दार आणि बाहेरून कोणीही न येणे, हा धोका व्यसनमुक्ती केंद्रातही तसाच आहे.

अडचण पुढे आहे. अर्ज आल्यावर प्राधिकरणाने दहा दिवसांत तात्पुरते नोंदणी प्रमाणपत्र द्यायचे असते आणि त्याआधी चौकशी करण्याचे बंधन नसते. हे प्रमाणपत्र बारा महिने चालते. कायमच्या नोंदणीनंतरचे लेखापरीक्षण दर तीन वर्षांनी. नोंदणीच न करता केंद्र चालवले तर पहिल्या खेपेचा दंड ५,००० ते ५०,००० रुपये. राज्यभराचा कारभार पाहणाऱ्या एका प्राधिकरणाने तालुक्याच्या गावाबाहेर भाड्याच्या बंगल्यात चाललेल्या केंद्राच्या खोल्या वेळोवेळी पाहाव्यात, ही अपेक्षाच अवाजवी आहे. तिथे पोहोचू शकतो तो महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा आरोग्य अधिकारी. महाराष्ट्रात १९४९ पासूनच्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याने महापालिकांना आपल्या हद्दीतली खासगी रुग्णालये नोंदवण्याचा अनुभव दिलेला आहे. तोच हात व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत पोहोचायला हवा.

यावर पहिला आक्षेप भ्रष्टाचाराचा. आणखी एक तपासनीस म्हणजे आणखी एक हप्ता, असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. म्हणूनच स्थानिक तपासणी उघड्या डोळ्यांना दिसेल तेवढ्यापुरतीच ठेवावी. खाटा किती आणि माणसे किती, बाहेर पडायला दुसरे दार आहे का, ते आतून उघडते का, दाखल्याच्या कागदावर रुग्णाची सही आहे का, नसेल तर दोन तज्ज्ञांचे तपासणी अहवाल कुठे आहेत, डॉक्टरच्या भेटींच्या नोंदवहीत शेवटची तारीख कोणती, हे पाहायला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही. उपचार योग्य की अयोग्य हा निर्णय प्राधिकरणाकडे आणि जिल्ह्यांसाठीच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडेच राहावा. तपासणीचा अहवाल वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लागला, तर मिटवामिटवीला जागा उरते ती थोडी.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला तरी उपचार मिळतो आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० मध्ये एकाला. इतका दुष्काळ असताना नियम कडक केले तर आहेत ती केंद्रेही बंद पडतील. ही भीती खरी आहे. तिचे उत्तर म्हणजे सुधारणेला मुदत देणे आणि परवडत नसेल तिथे सरकारी रुग्णालयाचा डॉक्टर आठवड्यातून ठरल्या दिवशी पाठवणे. पण ज्या केंद्रात विड्रॉवलमधल्या माणसाला औषधाऐवजी मार मिळतो, त्याच्या खाटा उपचाराच्या हिशेबात धरताच येणार नाहीत. चांगले काम इथे होते, हे १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने दाखवले आहे.

आता जागेचा प्रश्न. शेजाऱ्यांच्या हाती नकाराधिकार दिला की काय होते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अमेरिकेत सापडतो. पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदा केला, की शाळा, उद्यान, चर्च किंवा राहत्या वस्तीपासून ५०० फुटांच्या आत मेथाडोन क्लिनिक नको, स्थानिक संस्थेने मतदानाने परवानगी दिली तरच चालेल. मेथाडोन हे अफूवर्गी व्यसनावरचे मान्य औषध. रेडिंग शहराच्या नगर परिषदेने परवानगी नाकारली. २००७ मध्ये संघीय अपील न्यायालयाने हा कायदा अपंग व्यक्तींविरुद्ध भेदभाव करणारा ठरवला. त्याआधी १९९५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहराचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. नात्यात नसलेली पाचहून अधिक माणसे एका घरात राहू नयेत, या नियमाच्या आधारे शहराला व्यसनातून सावरणाऱ्यांचे सामायिक घर हटवायचे होते. अशा नियमाला समान निवास कायद्यातून आपोआप सूट मिळत नाही, असे न्यायालय म्हणाले.

त्याच देशाने उलट चूकही केली. फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत अशी घरे फोफावली, रुग्ण आणून देणाऱ्या दलालांना पैसे मिळू लागले, लघवीच्या अनावश्यक चाचण्यांची बिले विमा कंपन्यांवर फाटू लागली आणि अखेर २०१६ मध्ये सरकारी वकिलाला खास पथक नेमावे लागले. जागेला संरक्षण मिळाले होते, पण दाराआड काय चालले आहे हे पुरेसे पाहिले जात नव्हते. दोन्ही अनुभव एकत्र वाचले तर आपल्याला काय टाळायचे ते कळते.

राहिले घरचे लोक. मारहाण आणि कर्ज सोसून थकलेली बायको किंवा आई फोन करते आणि चार माणसे गाडी घेऊन पेशंटला उचलून नेतात. तिच्या हतबलतेला दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण कायदा तिलाही वाट देतो. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासल्यानंतर कमाल ३० दिवस दाखल करता येते. पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, आणि रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत कळवावे लागते. ही वाट तिला आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने किंवा आशाताईने सांगितली, अर्ज तिथेच भरून घेतला, तर गाडी बोलावण्याची वेळ कमी येईल. आणि तात्पुरते प्रमाणपत्र मिळालेल्या प्रत्येक केंद्रात आरोग्य अधिकाऱ्याची पहिली भेट महिन्याच्या आत, न सांगता आणि रात्रीची व्हावी, एवढा एक शासन निर्णय काढायला नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.