गवतासाठी तिसरा हात

मागच्या सीझनला सड्यावर डिमेरिया नावाच्या गवताचे फोटो काढले. कणिशक काही मिलीमीटरचं, आणि जात ओळखायची तर तुषांवरचे केस, कुसळं सगळं स्पष्ट दिसायला हवं. घरी येऊन बघते तर चाळीस फोटोंच्या स्टॅकमध्ये एक केस सलग नाही! पुन्हा जाईपर्यंत गवत वाळलं होतं. थीसिसमधली ती प्लेट अजून रिकामी आहे.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. समजा वाऱ्याने काडी सेकंदाला फक्त १० सेंटीमीटर हलतेय. शटर १/२०० सेकंद ठेवलं तरी तेवढ्यात ती अर्धा मिलीमीटर सरकते, आणि १:१ मॅक्रोत सेन्सरवरही तेवढीच. केस त्याहून कितीतरी बारीक. शिवाय एफ/८ ला फोकसमध्ये राहणारा थर एक मिलीमीटरसुद्धा नसतो. म्हणजे ट्रायपॉड कितीही भक्कम घ्या, काडीच धरायला हवी.

म्हणून यंदा हात बनवला. इलेक्ट्रिकच्या दुकानातून अर्थिंगची ८ नंबरची तांब्याची तार आणली, साधारण चार मिलीमीटर जाड. आधी बाइंडिंगची तार पिळून पाहिली होती, फसली. कारण मजेशीर आहे. सुट्या तारा एकमेकींवर घसरतात, त्यामुळे दोन तारांचा ताठपणा फक्त दुप्पट होतो. एकाच तारेची जाडी दुप्पट केलीत तर तो सोळापट होतो! लांबीचं उलट: हात निम्मा केला की आठपट ताठ. माझा हात तीस सेंटीमीटरचाच आहे. जास्त लांब करायचा मोह टाळा.

तांबं का? वाकवलं की वाकलेलं राहतं, लोखंडी तारेसारखं उसळून मागे येत नाही. फक्त एकाच जागी सारखं वाकवलं की कडक होतं आणि शेवटी तुटतं. तसं वाटलं तर गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, पुन्हा मऊ होतं. (हे तारेवर काही चढवायच्या आधी करा. मी नंतर केलं, किचनभर जळक्या प्लास्टिकचा वास.)

एका टोकाला क्रोकोडाइल क्लिप, तिच्या दातांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे, नाहीतर काडी चेचते. दुसरं टोक जमिनीत खोचायचं असं ठरवलं होतं, पण सड्यावर माती असते बोटभर, खाली जांभा. मग ते टोक एका फळीला स्क्रूने आवळलं आणि फळीवर दगड ठेवले. ट्रायपॉडला मात्र बांधू नका, कॅमेऱ्याला हात लागला की काडी हलते.

क्लिप कणिशाच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली, अगदी हलकी लावा. किडे असतील तर आधी त्यांना जाऊ द्या. क्लिपच्या वरचा भाग थोडा थरथरतोच. त्यासाठी सध्या मैत्रीण वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून बसते.