गाडी नवी कीं जुनी?



आपल्या भाषेंत 'जुनें तें सोनें' अशी एक म्हण आहे आणि 'नव्याचे नऊ दिवस' अशी दुसरी. दोन्ही म्हणी जुन्याचाच पक्ष घेतात. परंतु मोटार खरेदीस निघालेल्या गृहस्थास त्यांचा फारसा आधार मिळत नाहीं. कारण मोटार कांहीं सोन्यासारखी जपून ठेवल्यानें मोलास चढत नाहीं, आणि नव्याचे नऊ दिवस संपल्यावरहि हप्त्यांचे साठ महिने उरतातच. तेव्हां म्हणी क्षणभर बाजूस ठेवून, पांच-सात माणसांच्या कुटुंबानें उंच बांध्याची मोठी गाडी, जिला आपण सर्वजण आतां एसयूव्ही म्हणतों, नवी घ्यावी कीं कोणी वापरलेली घ्यावी, याचा विचार आज करावयाचा आहे.

हा विचार हवेंत करण्यांत अर्थ नाहीं. त्यास एक भूमि पाहिजे. म्हणून आपण जालना जिल्हा डोळ्यांपुढें ठेवूं. १ मे १९८१ रोजीं औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे भाग काढून हा जिल्हा निर्माण झाला. बियाण्यांचा व्यापार आणि लोखंडी सळ्यांचे कारखाने यांसाठीं जालना शहर प्रसिद्ध आहे. या शहरांत राहणाऱ्या पुष्कळ नोकरदार व व्यापारी कुटुंबांचें मूळ घर मंठा, घनसावंगी, भोकरदन, जाफराबाद अशा तालुक्यांत असतें. एरव्हीं त्यांचा प्रवास शाळा, बाजार आणि कचेरी एवढाच. सणावारीं गांवीं जावें, अंगारकीस राजूरच्या गणपतीचें दर्शन घ्यावें, नवरात्रांत अंबडच्या मत्स्योदरीस जावें, आणि घरांत दुखणें निघालें तर सुमारें साठ किलोमीटरांवरील छत्रपति संभाजीनगर गांठावें, असा वर्षाचा क्रम. त्यांतच समृद्धि महामार्ग जालन्याजवळून गेला. ७०१ किलोमीटरांचा हा मार्ग ५ जून २०२५ रोजीं पूर्णपणें खुला झाला, आणि त्यावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरांपर्यंत वेगाची मुभा आहे. म्हणजे एकाच गाडीनें पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल तुडवावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं महामार्गावर वाऱ्याशीं स्पर्धा करावयाची, अशी ही दुहेरी अपेक्षा आहे. नव्या-जुन्याचा निर्णय या दोन रस्त्यांपैकीं कोणत्या रस्त्यावर आपण अधिक असतों, यावर बराचसा अवलंबून आहे.

जुन्या गाडीची बाजू प्रथम ऐकूं. मराठवाड्याला उंच गाडी नवीन नाहीं. टाटांची सुमो १९९४ मध्यें आली, महिंद्रांची बोलेरो २००० मध्यें, आणि स्कॉर्पिओ २००२ मध्यें. तालुक्याच्या गांवोगांवच्या मिस्त्र्यांचे हात याच गाड्यांवर बसले आहेत. त्यांचे पाटे, क्लच, ब्रेकचे तुकडे लहान बाजारपेठेंतहि मिळतात. रस्त्यांत बंद पडलेली गाडी जवळच्याच गॅरेजमध्यें दुरुस्त होणें हा खेड्यापाड्यांत प्रवास करणाऱ्यास मोठाच दिलासा आहे. मात्र हा गुण जुनेपणाचा नसून प्रचाराचा आहे, हें विसरतां कामा नये. जी गाडी फारशी खपली नाहीं, किंवा जिची कंपनी येथून उठून गेली, ती जुनी गाडी स्वस्त मिळते, पण तिचे सुटे भाग शोधीत फिरावें लागतें. फोर्ड कंपनीनें २०२१ मध्यें भारतांतील मोटारींचें उत्पादन थांबविण्याचें जाहीर केलें. तिच्या गाड्या कितीहि दणकट असल्या तरी घेणाऱ्यानें सुट्या भागांची चौकशी आधीं आणि सौदा मागाहून, हाच क्रम ठेवावा.

आतां हिशेब. नवी मोटार दुकानाबाहेर पडतांच तिची किंमत उतरूं लागते. विम्याच्या व्यवहारांत यासाठीं ठरलेलें कोष्टक आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४०, आणि पांच वर्षांपर्यंत ५० टक्के घट. बाजारांत मागणी असलेली गाडी याहून कमी उतरते, नसलेली अधिक. तरी अंदाजास हें माप पुरेसें आहे.

समजा, पंधरा लाखांची पेट्रोलची नवी गाडी आहे. महाराष्ट्रांत दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीस एकरकमी कर १२ टक्के, म्हणजे १,८०,००० रुपये. एकूण १६,८०,००० झाले. त्यांतील ६,८०,००० घरचे आणि दहा लाख कर्जाऊ. दरसाल नऊ टक्के व्याज व पांच वर्षांची मुदत धरल्यास महिन्याचा हप्ता सुमारें २०,७६० रुपये होतो आणि व्याजापोटीं जवळजवळ २,४५,००० जातात. पांच वर्षांनीं गाडी साडेसात लाखांची उरली, तर घट साडेसात लाख, कर एक लाख ऐंशी हजार व व्याज मिळून वर्षाला सुमारें २,३५,००० रुपयांचा भार पडला. पेट्रोल व विमा वेगळे.

तीच गाडी पांच वर्षें वापरलेली साडेसात लाखांस मिळाली, तर राज्यांतला कर पूर्वींच भरलेला असतो, आणि कर्जाची गरज जवळजवळ उरत नाहीं. आणखी पांच वर्षांनीं ती तीन लाखांस गेली असें धरलें, तर वर्षाची घट ९०,०००. जास्तीच्या दुरुस्तीसाठीं वर्षाला ४०,००० बाजूस काढले तरी भार १,३०,००० होतो. नव्या गाडीपेक्षां वर्षाला लाखाहून अधिक कमी!

परंतु हा आंकडा धांवेनें भागून पाहावा. वर्षांतून ८,००० किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबास नव्या गाडीचा किलोमीटर सुमारें २९ रुपयांस पडतो, जुन्या गाडीचा १६ रुपयांस. वर्षाला २५,००० किलोमीटर जाणाऱ्यास नवीचा किलोमीटर साडेनऊ रुपयांच्या आंतच पडतो. आणि जुन्या गाडीची दुरुस्ती दुप्पट झाली असें धरल्यास तिचा पावणेसात रुपयांस. तेरा रुपयांचा फरक अडीच-पावणेतीन रुपयांवर आला. यावरून नियम असा निघतो कीं, जो थोडा फिरतो त्यानें जुनीकडे पाहावें. जो रोज लांबवर जातो त्याची नवी गाडी आपली किंमत बरीचशी भरून काढते.

येथें एक अलीकडची गोष्ट लक्षांत घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कराचे दर बदलले. चार मीटरांच्या आंतील लहान इंजिनाच्या गाड्यांवर, म्हणजे पेट्रोलचें १२०० व डिझेलचें १५०० घनसेंटिमीटरांपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवर, तो १८ टक्के झाला. त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. पूर्वीं उपकर धरून मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्क्यांपर्यंत बोजा होता. नवी गाडी स्वस्त झाली कीं जुनीचा भावहि उतरावयास हवा. विकणारा त्यापूर्वींच्या किंमतीवरून भाव सांगत असेल, तर त्यास आजच्या नव्या गाडीची किंमत दाखवावी.

पैशाचा विचार येथें संपतो आणि त्याहून मोलाचा विचार सुरू होतो. तो म्हणजे आंत बसणाऱ्या माणसांचा. घसरणाऱ्या चाकांस आवरणारी एबीएस ही ब्रेकची व्यवस्था एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली. त्याच वर्षीं चालकासमोरची एअरबॅग आवश्यक झाली, आणि शेजारच्या प्रवाशासमोरचीहि २०२२ च्या आरंभापासून सर्व नव्या गाड्यांत आली. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एन्‌कॅप' या नांवानें आपल्याच देशांत गाडी आपटून तिची परीक्षा घेण्याची व मोठ्यांच्या व मुलांच्या सुरक्षिततेस पांचपैकीं तारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यानें 'किती वर्षांची' एवढेंच न विचारतां 'कोणत्या सालानंतरची' हें विचारावें. २०१८ ची गाडी आणि २०२२ ची गाडी यांत चार वर्षांचेंच अंतर नसतें. मध्यें कायद्याच्या दोन-तीन पायऱ्या असतात.

जुन्या घडणीच्या कित्येक गाड्यांत मागील बाजूस समोरासमोर आडवीं बाकें असतात, आणि आपल्याकडे त्यांवर बहुधा मुलांनाच बसवितात. तेथें बहुतकरून पट्टा नसतो. ताशीं शंभराच्या वेगांत ब्रेक लागला तर पट्ट्यावांचून बसलेलें मूल पुढें फेकलें जातें. उंच गाडीचा भक्कमपणा त्या वेळीं त्याच्या कामास येत नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री मरण पावले. ते एका महागड्या मोटारींत मागें पट्टा न लावतां बसले होते. ही गोष्ट नव्या व जुन्या दोन्ही गाड्यांच्या धन्यांनीं मनांत कोरून ठेवण्यासारखी आहे. जितकीं माणसें घरांत, तितके पट्टे गाडींत, हें माप कापडाच्या मापापेक्षांहि कसोशीनें घ्यावें.

इंधनाविषयीं दोन शब्द. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हें धुराचें मान लागू झालें. तेव्हांपासूनच्या बहुतेक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी एक जाळी असते. ही काजळी इंजिन तापून गाडी कांहीं वेळ सलग धांवली म्हणजेच जळून जाते. ज्यांची गाडी शाळा आणि बाजार यांपलीकडे जात नाहीं, त्यांची ही जाळी तुंबते व खर्च उद्भवतो. शहरांतल्या शहरांत फिरणाऱ्यानें पेट्रोलच बरें. उलट पेट्रोलमध्यें आतां वीस टक्के इथेनॉल असतें. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग त्यास अनुरूप बनविलेले आहेत. त्यापूर्वींच्या गाडीच्या रबरी नळ्या व इंधनाचे पंप यांची तपासणी अधिक काळजीनें करावी.

वापरलेली गाडी पाहावयास जातांना आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि सकाळीं, इंजिन थंड असतां, जावें. तापलेलें इंजिन आपले दोष झांकतें. टायरच्या कडेला चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '१४२१' म्हणजे २०२१ च्या चौदाव्या आठवड्यांतला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी फार वर्षांचें रबर उन्हाळ्याच्या तापलेल्या सिमेंट रस्त्यावर भरंवशाचें नसतें. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो. म्हणून तो सर्व्हिसिंगच्या नोंदींशीं ताडून पाहावा, आणि ब्रेकचा पायटा व सुकाणूचें चाक किती झिजलें आहे तेंहि पाहावें. सप्टेंबर २०२५ मध्यें मराठवाड्यांत अतिवृष्टि होऊन नद्यांना पूर आले. अशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुवून-पुसून बाजारांत येतात. पायाखालचें जाजम उचलून गाळ, बैठकीच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आणि आंत कुबट वास आहे काय, हें पाहिल्यावांचून बयाणा देऊं नये.

कागदपत्रें हा शेवटचा, पण सर्वांत दुर्लक्षिलेला भाग. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचें पत्र व पस्तीस क्रमांकाचा नमुना लागतो. नांव बदलण्यास एकोणतीस व तीस क्रमांकाचे नमुने. परराज्यांतली गाडी असेल तर तेथील ना-हरकत दाखला, आणि महाराष्ट्राचा कर निराळा. राजधानीच्या परिसरांत २०१५ पासून जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यावर तिकडील पुष्कळ डिझेल गाड्या स्वस्तांत इतरत्र गेल्या. त्यांचा भाव ऐकतांना हा कर मिळवूनच ऐकावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं ती वाढवावी लागते, आणि पर्यावरण कर भरावा लागतो. बारा वर्षांची गाडी घेणारा खरें पाहतां तीन वर्षांचीच निश्चिंती विकत घेत असतो.

विकणाऱ्यासहि एक सूचना. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें असें ठरविलें कीं, परिवहन कार्यालयाच्या दप्तरीं ज्याचें नांव आहे तोच कायद्यानें मालक; गाडी हातोहात कितीहि जणांकडे गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. 'नांव मग करून घेऊं' या भिडेच्या वाक्यानें मागाहून एखाद्या घराचें घर कोर्टाच्या पायऱ्या चढूं शकतें. घेणाऱ्यानेंहि चौदा दिवसांच्या आंत विमा आपल्या नांवें करून घ्यावा.

मग निर्णय काय? वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या, जालन्यासारख्या शहरांतील कुटुंबास माझ्या मतें तीन-चार वर्षें वापरलेली, परंतु २०२२ नंतरची, दोन एअरबॅगांची व प्रत्येक जागेस पट्टा असलेली, एका हातची गाडी हा उत्तम मध्यम मार्ग आहे. ज्यांस आठवड्यांतून अनेकदां महामार्गानें लांब जावें लागतें, त्यांनीं चांगले तारे मिळालेली नवी गाडी घ्यावी. मात्र हप्ता घरच्या उत्पन्नास सोसेल तेवढाच. आणि पंधरा लाखांचें बळ नसतां शेजाऱ्याची नवी गाडी पाहून कर्ज काढणें, किंवा चार लाखांत मोठी गाडी मिळते म्हणून पट्टे नसलेल्या बाकांवर मुलें बसविणें, हीं दोन्ही टोकें टाळावींत. ऋण काढून सण करूं नये हें आपल्या वडीलधाऱ्यांनीं शिकविलें आहे; त्यास आजच्या काळांत एवढीच जोड द्यावयाची कीं, काटकसर करावी ती गाडीच्या दिमाखांत, माणसांच्या सुरक्षिततेंत नव्हे.