निर्णय आणि अबोध मन

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीकाठी फड पद्धतीचे सिंचन शतकानुशतके चालत आले आहे. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडाफडांत फिरवावयाचे व एका फडात साधारणतः एकच पीक घ्यावयाचे, ही तिची रीत होय. नदीचे पाणी पाहून ते कोठवर पुरेल, याचा अंदाज अनुभवी पाटकरी चटकन बांधू शकतो. हे कसे घडते?

अमेरिकी शास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे ओळख होय. पूर्वी अनेकदा पाहिलेल्या खुणा स्मृती आपल्या नकळत जुळविते. २००६ साली नेदरलँड्समधील मानसशास्त्रज्ञांनी याहून पुढचे प्रतिपादन केले. माहिती घेऊन लक्ष अन्यत्र वळविल्यास अबोध मन गुंतागुंतीचा निर्णय अधिक चांगला घेते, असे ते म्हणाले. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक पडताळणीत हा लाभ आढळला नाही.

मग अंतःप्रेरणेवर विसंबावे केव्हा? डॅनियल काहनेमान व गॅरी क्लाइन यांनी २००९ साली दोन अटी सांगितल्या. परिस्थितीत नियमितता हवी आणि आपल्या अंदाजाचे फळ वारंवार पाहून शिकण्याची संधी हवी. पाटकऱ्याला ही संधी दर हंगामात लाभते. गावातील पहिल्या नळयोजनेसाठी विहिरीची जागा निवडणाऱ्या पंचायत सदस्यांना ती लाभलेली नसते आणि निवड चुकल्यास उन्हाळ्यात सारे गाव पाण्यावाचून राहते. अशा वेळी उन्हाळ्यातील पाण्याची पातळी, खर्च व वस्तीपासूनचे अंतर कागदावर मांडून तुलना करावी. निर्णय दुसऱ्या दिवशी घेण्यास हरकत नाही. मात्र तो त्या आकड्यांवर पारखूनच घ्यावा.