पालि आणि इतिहास : एका पदवीत दोन विषय

मानखुर्दसारख्या श्रमिकांच्या वस्तीतील एखाद्या मुलीने पदवीसाठी पालि निवडली, की घरातून पहिला प्रश्न येतो, "पालि शिकून पुढे काय?" हा प्रश्न अज्ञानातून आलेला नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील वैकल्पिक विषयांमधून २०१३ साली पालि वगळली गेली, इतिहास राहिला. ज्या घरात पदवी प्रथमच येत आहे, तेथे विषयाची निवड ही साऱ्या कुटुंबाची जोखीम असते. तथापि एक विषय घेण्यासाठी दुसरा सोडलाच पाहिजे, असे नाही.

मुंबई विद्यापीठाच्या तृतीय वर्ष कला वर्गात दीर्घकाळ दोन मार्ग होते : एकाच विषयाच्या सहा प्रश्नपत्रिका, अथवा दोन विषयांच्या तीन-तीन. दुसऱ्या मार्गाला 'डबल मेजर' म्हणत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या रचनेत एक विषय मुख्य आणि दुसरा गौण, म्हणजे 'मेजर' व 'मायनर', असतो.

परंतु दोन विषय शेजारी ठेवल्याने त्यांचा संयोग होत नाही. आपल्या जवळच्या नालासोपाऱ्याचेच उदाहरण घेऊ. पालि 'उदान' ग्रंथातील बाहिय दारुचीरिय सुप्पारक येथे राहत होता. तेथून तो भगवंतांच्या शोधात सावत्थीला गेला. सुप्पारक म्हणजेच हे सोपारा. तेथेच १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पालिचा विद्यार्थी बाहियाची कथा वाचतो, इतिहासाचा विद्यार्थी शिलालेख वाचतो. मात्र धम्माचा लेख एका बंदरात का कोरला गेला, हा प्रश्न दोन्ही वाचणाऱ्यालाच पडतो. त्या लेखाची प्राकृत पालिला जवळची असल्याने ब्राह्मी लिपी शिकलेला पालिचा विद्यार्थी तो लेख मुळातून वाचू शकतो.

बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए. केले, तेव्हा त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता आणि प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. अर्थशास्त्राचा प्रश्न त्यांनी इतिहासाच्या साधनांना विचारला. पुढे त्यांनीच पालि शब्दकोशाचे काम हाती घेतले.

म्हणून प्रवेशापूर्वी पालकांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : या महाविद्यालयात दोन्ही विषय शेवटच्या वर्षापर्यंत शिकवले जातात काय, आणि गौण विषयात पुढे एम.ए. करता येईल काय? होकार मिळाल्यास पालि आणि उपजीविका यांतून एकाचीच निवड करण्याची वेळ त्या मुलीवर येणार नाही.